मोकळ्या हवेतील ठिणगीची साक्ष

मुंब्रा-पनवेल रस्त्यावर नावडे फाट्याच्या आसपास, किंबहुना जुन्या मोटारसायकली जिथे जिथे अजून रस्त्यावर आहेत अशा कोणत्याही गावी, दोन सिलिंडरांपैकी एक बंद पडलेली गाडी घेऊन गेलात की मेकॅनिक प्लग काढतो, टोपीत अडकवून इंजिनाच्या डोक्यावर टेकवतो, किक मारतो आणि निळसर ठिणगी दिसताच निकाल देतो : “स्पार्क येतोय, म्हणजे कॉइल, पॉइंट, प्लग सगळं चांगलं. कार्ब खोलावा लागेल.” हे विधान इतक्या वेळा आणि इतक्या आत्मविश्वासाने कानी पडते, आणि त्यापायी इतके निर्दोष कार्बोरेटर विनाकारण खोलले जातात, की त्याची सविस्तर तपासणी करणे आता अगत्याचे झाले आहे.

प्लगच्या दोन टोकांमध्ये अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची फट असते. मोकळ्या हवेत ती ओलांडायला तीन-चार हजार व्होल्ट पुरतात. परंतु प्लगचे काम मोकळ्या हवेत नाही. पिस्टन वर येऊन हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आवळून धरतो, आतील दाब बाहेरच्या कित्येक पट होतो, आणि नेमक्या त्या क्षणी तेथे ठिणगी पडावी लागते. वायूतून ठिणगी उडण्यास लागणारा विद्युत्दाब हा वायूचा दाब आणि टोकांमधील अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो, हा नियम जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यांनी 1889 सालीच मांडला आहे. ज्या म्हाताऱ्या कॉइलचे बळ पाच-सहा हजार व्होल्टांवर येऊन ठेपले आहे, ती बाहेर सुरेख ठिणगी दाखवील आणि आत दाब चढला की मुकी होईल. थ्रॉटल जितका अधिक उघडावा तितके सिलिंडर अधिक भरते आणि मागणी आणखी वाढते. म्हणूनच अशी गाडी जागेवर नीट फिरते आणि चढावर वा वेग घेताना मिसिंग मारते. तात्पर्य, बाहेर ठिणगी आलीच नाही तर विद्युत्-यंत्रणेचा दोष सिद्ध होतो; आली तर तिचे निर्दोषत्व मुळीच सिद्ध होत नाही. बाहेर चाचणी घ्यायचीच असेल तर ठिणगीला सुमारे सहा मिलिमीटरची फट ओलांडायला लावावी, आणि ती प्लगच्या उघड्या भोकापासून दूर घ्यावी, कारण तेथून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते.

याच भ्रमाचे दुसरे अंग म्हणजे ओला प्लग. प्लग ओला निघाला की ‘पेट्रोल जास्त येतंय’ असा शेरा पडतो. वस्तुतः पुष्कळदा ठिणगी पडली नाही म्हणून पेट्रोल जळलेले नसते, आणि जळले नाही म्हणून प्लग भिजलेला असतो. अशा वेळी परिणामालाच कारण ठरवून कार्बोरेटरला शिक्षा सुनावणे हा उघड अन्याय आहे.

मग निवाडा करावा कसा? एस्कॉर्ट्स कंपनीने 1983 पासून बाजारात आणलेली राजदूत 350, म्हणजे आपली आरडी, घ्या. या गाडीत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पॉइंट, स्वतंत्र कंडेन्सर, स्वतंत्र कॉइल आणि स्वतंत्र कार्बोरेटर आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंची रुजवात घालता येते. प्रथम थंड इंजिन चालू करून अर्ध्या मिनिटाने दोन्ही सायलेन्सरांच्या पायपांवर सिलिंडरालगत पाण्याचा थेंब टाकावा. जिथे तो चुरचुरत नाही ते सिलिंडर बंद. नंतर प्लगांची अदलाबदल करावी. दोष प्लगाबरोबर दुसऱ्या बाजूस गेला तर प्लग गुन्हेगार. न गेल्यास कॉइलींची अदलाबदल करावी. मात्र पॉइंटकडून येणारी आणि प्लगकडे जाणारी, अशा दोन्ही तारा बदलाव्यात. एकच बदलली तर, या इंजिनाचे पिस्टन 180 अंशांच्या अंतराने चालत असल्यामुळे, पिस्टन तळाशी असताना ठिणगी पडेल आणि परीक्षाच व्यर्थ होईल. दोष तरीही जागेवर राहिला तर पॉइंट पाहावे : फट 0.3 ते 0.4 मिलिमीटर हवी, आणि उघडताना तेथेच ठसठशीत ठिणग्या उडत असतील तर कंडेन्सर गेला असे समजावे. एका वेळी एकच वस्तू बदलणे हा या तपासाचा कायदा आहे. तीन वस्तू एकदम बदलणाऱ्याची गाडी कदाचित सुरू होते, परंतु दोष कशात होता हे त्याला कधीच कळत नाही. एवढे झाल्यावर मगच गेज लावून कॉम्प्रेशन पाहावे आणि त्यानंतर कार्बोरेटरला हात घालावा.

अलीकडे प्रत्येक बिघाडाचे खापर इथेनॉलमिश्रित पेट्रोलवर फोडण्याचा प्रघात पडला आहे. जुन्या रबरी भागांना इथेनॉल बाधते हे खरे. परंतु दोन्ही सिलिंडरे एकाच टाकीतले पेट्रोल पितात, तेव्हा केवळ एका बाजूच्या मौनाचे उत्तर टाकीत शोधू नये. बॅटरीची गोष्ट थोडी निराळी : तीही दोघांना सामाईक, तथापि ती मंदावली की जी कॉइल अधिक अशक्त ती आधी हार मानते.

नवा प्लग म्हणजे चांगला प्लग, असे नाही. नवाही सदोष निघतो.

वरची रुजवात दोन सिलिंडरांच्या गाडीलाच लागू पडते; येझदी 250 ला दोन सायलेन्सर असले तरी सिलिंडर एकच आहे.

चालू गाडीच्या प्लगची टोपी ओढून ‘कोणते सिलिंडर मेले’ हे पाहू नये. वाट न मिळालेला विद्युत्दाब कॉइलचे आवरण फोडतो.

‘एका सिलिंडरवर घरापर्यंत जाईल’ हा समज मात्र सर्वांत महाग पडतो. कारण केवळ ठिणगीचे असेल तर न जळलेले पेट्रोल आणि ऑइल सायलेन्सरात साचण्यावर भागते. परंतु आरडीच्या क्रँकचे डावीकडचे सील फाटून तेथून हवा आत शिरत असेल तर मिश्रण विरळ होते, पिस्टन तापतो आणि चालत्या गाडीत जाम होतो. उजवीकडचे सील गेले असेल तर इंजिन गिअरबॉक्समधील ऑइल ओढते आणि त्या बाजूच्या सायलेन्सरातून दाट पांढरा धूर निघतो. तेव्हा गाडी बाजूला घेऊन प्लग काढावा : काळा आणि ओला असेल तर ठिणगीचा तपास करावा, कोरडा आणि पांढुरका दिसला तर किक न मारता गाडी टेम्पोत घालावी.