मारावे की सोडून द्यावे?

रक्तातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी झुंजतात, हे आपण पाठ्यपुस्तकांत वाचतोच. परंतु या सैन्यातील एका तुकडीला शत्रूची पूर्वओळख लागत नाही. १९७५ च्या सुमारास स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत रॉल्फ कीसलिंग, एव्हा क्लाइन व हान्स विगझेल यांनी, आणि अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन यांनी ती उजेडात आणली. पूर्वीची ओळख नसतानाही या पेशी कर्करोगाच्या पेशी मारीत. म्हणून त्यांना ‘नैसर्गिक मारक पेशी’ हे नाव पडले.

नाव भयंकर खरे. पण मला अधिक नवल वाटते ते त्यांच्या संयमाचे. भोवताली असंख्य निरोगी पेशी असता त्यांना त्या धक्का कसा लावीत नाहीत?

आपल्या बहुतेक पेशी पृष्ठभागावर ‘एमएचसी वर्ग १’ नावाची प्रथिने बाळगतात. विषाणूने ग्रासलेली पेशी याच प्रथिनावर विषाणूचा अंश मांडून ‘टी’ पेशींना वर्दी देते. म्हणून काही धूर्त विषाणू हे प्रथिन वर येऊच देत नाहीत. टी पेशी फसतात; मारक पेशी मात्र नेमक्या त्या उणिवेवरूनच संशय घेतात. ही कल्पना क्लास केरे यांची. १९८६ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांनी तिला बळकटी आणली.

आता पेशीच्या आत डोकावू या. मारक पेशीच्या पृष्ठभागावर दोन जातींचे ग्राही असतात : काही चेतवणारे, काही आवरणारे. ग्राहीला जोडीदार भेटला की आतील विकरे फॉस्फेटाचे कण चिकटवू लागतात. चेतवणाऱ्या ग्राहीच्या बाजूस ते चिकटले, तर ‘सिक’ व ‘झॅप-७०’ ही विकरे जागी होतात, कॅल्शियमची पातळी चढते आणि विषारी कणिका शत्रूपेशीच्या दिशेने सरकतात. त्यांतील पर्फोरिन भोके पाडते, ग्रॅन्झाइम आत शिरून त्या पेशीला आत्मनाशास प्रवृत्त करते. याखेरीज मारक पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडून भक्षक पेशींनाही चेतवितात.

गंमत अशी की, आवरणाऱ्या ग्राहीच्या शेपटीवरही फॉस्फेटच चिकटतो. परंतु तेथे ‘एसएचपी-१’ नावाचे विकर येऊन बसते. हे इतरांवरील, विशेषतः ‘व्हॅव-१’ या प्रथिनावरील, फॉस्फेट काढून टाकते आणि पेटू पाहणारी साखळी आरंभीच विझते. निरोगी पेशीवरील एमएचसी प्रथिन हाच लगाम खेचीत असते.

तथापि लगाम सुटला एवढ्यानेच घोडा धावत नाही, टाचही लागते. विषाणूने वा कर्करोगाने पीडित पेशी ‘मायका’सारखी प्रथिने वर आणतात, ‘एनकेजी२डी’ हा ग्राही ती ओळखतो. काही अर्बुदे तीच प्रथिने रक्तात सोडून या ग्राहीला चकवतात, हेही सांगितले पाहिजे.

या पेशी नसतील तर काय होते? १९८९ मध्ये अमेरिकेतील वैद्यांनी अशा एका किशोरवयीन मुलीची हकीकत प्रसिद्ध केली. कांजिण्यांसारखा, मुलांना सहसा सौम्य जाणारा आजारही तिला अतिशय तीव्र झाला होता. त्याच कुळातील इतर विषाणूंनीही तिला छळले.

उलटपक्षी, २००२ मध्ये इटलीतील पेरुजा येथील वैद्यांनी रक्ताच्या एका कर्करोगात निराळाच अनुभव नोंदविला. अस्थिमज्जेतील मूळपेशी देणाऱ्याच्या मारक पेशींना रोग्याच्या पेशींवर आपल्या ओळखीची खूण सापडली नाही; लगाम सुटला, आणि अशा रोग्यांत तो कर्करोग पुन्हा उलटण्याचे प्रमाण पुष्कळच कमी आढळले.