नाका उठला, पट्टी राहिली

उसाचे बिल हाती पडले की आपली नजर आधी कुठे जाते? कपातीवर! तोडणीचे किती, वाहतुकीचे किती, सोसायटीचे किती, हे पाहिल्याशिवाय घास गोड लागत नाही. ऊस कितीही भरला, तरी तो गव्हाणीपर्यंत आणायला काय पडले, त्यावर खरा हिशेब ठरतो. कराचेही अगदी तसेच आहे. पालिकेने रुपया गोळा केला, पण तो गोळा करायला किती खर्चला, हे मात्र आपण क्वचितच विचारतो.

यासाठी लांब जायला नको. नाशिकरोडहून लॅम रोडने देवळाली कॅम्पात या आणि तसेच पुढे भगूरला जा. एवढ्याशा वाटेत तीन कारभार लागतात. आधी नाशिक महानगरपालिका, मग देवळालीचे कँटोन्मेंट बोर्ड, शेवटी भगूरची नगरपालिका. दोन्ही टोकांना राज्याचा कायदा, तर मधल्या छावणीला केंद्राचा २००६ चा कँटोन्मेंट कायदा. रस्ता एक, पण वसुलीचे खाते दर वेळी वेगळे.

अशा गावांचा जुना आधार म्हणजे जकात. ही काही इंग्रजांची देणगी नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही नगराच्या महाद्वाराजवळ शुल्कशाला आहे, आणि व्यापारी कोण, कुठला, माल किती, हे लिहून घेणारे चार-पाच माणसे तिथे बसलेली आहेत. जकातीचा गुण असा, की रोजची रोकड रोज पेटीत पडते. पण त्यासाठी नाका रात्रंदिवस चालवायचा, पाळ्या लावायच्या, पावत्या फाडायच्या, चुकवून जाणाऱ्यांवर पाळत ठेवायची. शिवाय गाडी रांगेत उभी राहिली की डिझेल जळते, ड्रायव्हरचा दिवस मोडतो आणि भाजी असली तर पाटीतच मान टाकते. हा खर्च पालिकेच्या वहीत चढत नाही हो, तो आपल्या खिशातून जातो! ॲडम स्मिथने १७७६ सालीच सांगून ठेवले होते, की लोकांच्या खिशातून निघालेले आणि तिजोरीत पोचलेले, यांतले अंतर जितके कमी, तितका कर चांगला.

महाराष्ट्रात नगरपालिकांची जकात १९९९ साली गेली. महापालिकांत ती टिकली. नाशिकला २०१३ साली तिच्या जागी एलबीटी आला. त्यात नाका नव्हता, व्यापाऱ्याने वहीवरून कर भरायचा होता. व्यापाऱ्यांचा विरोध झाला आणि ऑगस्ट २०१५ पासून बहुतेकांना तो माफ झाला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकातही संपली. वसुली सोपी झाली, गाड्या सुटल्या, हे मान्यच केले पाहिजे.

पण यात एक मेख आहे. नाक्यावरचा पैसा गावाचा होता. आता तो वरून येतो. महापालिकांना भरपाई देण्याचा कायदा राज्याने २०१७ सालीच केला. पुण्याकडच्या छावण्यांना मात्र जीएसटीतला वाटा मागत फिरावे लागले. छावणीची दुसरी अडचण जमिनीची. देवळालीत तोफखान्याचे मोठे प्रशिक्षण केंद्र आहे, लष्कराची जागा अफाट आहे. आणि राज्यघटनेच्या २८५ व्या कलमाप्रमाणे केंद्राच्या मालमत्तेवर स्थानिक कर बसत नाही. बदल्यात सेवाशुल्क मिळते, पण तेही वरूनच. म्हणजे हक्काचे म्हणून मुख्यतः नागरी वस्तीची घरपट्टी आणि पाणीपट्टी उरली.

आता छावण्यांतली नागरी वस्ती शेजारच्या पालिकेत घालण्याचे धोरण केंद्राने घेतले आहे. हिमाचलातील योल २०२३ साली अशी पहिली सुटली. देवळालीचे नावही त्या चर्चेत आहे. कॅम्पात ज्यांचे घर वा गाळा आहे, त्यांनी एक ध्यानात ठेवावे. पाटी कुणाचीही लागो, घरपट्टी सुटणार नाही.

आणि घरपट्टीचा स्वभावच असा, की तिच्या वसुलीचा खर्च आपल्या हातात असतो. समजा, एका गावात शंभर घरे आहेत, घरामागे तीनशे रुपये पट्टी. वसुलीवर वर्षाला तीन हजार खर्च होतो. सर्वांनी भरली तर रुपयामागे दहा पैसे खर्च. निम्म्यांनीच भरली तर खर्च तेवढाच, पण रुपयामागे वीस पैसे! वर नोटिसा आणि हेलपाटे वेगळेच. थकवणाऱ्याचा भार वेळेवर भरणाऱ्यावर पडतो तो असा.

सोसायटीची वसुली उसाच्या बिलातूनच होते, म्हणून ती स्वस्त पडते. गावच्या पट्टीला अशी सोय नाही. तिथे आपली शिस्त हीच सोय. म्हणून येत्या ग्रामसभेत तीन आकडे जरूर मागा: मागणी किती, वसूल किती, वसुलीला खर्च किती. पण विचारायला उभे राहण्याआधी आपली पावती खिशात आहे ना, तेवढे बघून घ्या.