टाकीवरचे नाव, चॅसिसवरचा आकडा

जुन्या मोटरसायकलचे नेमके मॉडेल ठरवणे म्हणजे ती कोणत्या कारखान्यात, कोणत्या प्रकारची म्हणून आणि कोणत्या वर्षी तयार झाली, या तीन प्रश्नांची एकमेकांशी जुळणारी उत्तरे शोधणे होय. हे काम वरवर सोपे वाटते, कारण टाकीवर कंपनीचे नाव असते आणि आरसी बुकात वर्ष नोंदलेले असते. परंतु चाळीस-पन्नास वर्षे रस्त्यावर राहिलेल्या गाडीची टाकी, मडगार्ड, हेडलाइट, कार्ब्युरेटर, प्रसंगी संपूर्ण इंजिनसुद्धा कधी ना कधी बदललेले असते आणि बदललेला प्रत्येक भाग स्वतःचे वर्ष सोबत घेऊन येतो. म्हणूनच जाणकार गाडीचा प्रत्येक भाग स्वतंत्र साक्षीदारासारखा तपासतात आणि जो भाग बदलणे जितके अवघड, तितकी त्याची साक्ष वजनदार मानतात. टाकीवरचे नाव या क्रमात सर्वांत खाली येते, तर चॅसिसवर ठोकलेला क्रमांक सर्वांत वर.

ही पद्धत समजून घेण्यासाठी बुलेटइतके चांगले उदाहरण भारतात दुसरे नाही, कारण इतकी दीर्घकाळ बनलेली आणि दिसण्यात इतकी कमी बदललेली मोटरसायकल विरळाच. इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफिल्ड कारखान्याने बुलेट हे नाव १९३२ साली प्रथम वापरले. मात्र आज ज्या गाडीला बुलेट म्हणतात तिचा पाया १९४९ साली विक्रीस आलेल्या ३४६ सीसीच्या मॉडेलने घातला. मागचे चाक वरखाली हलू देणारा सांधेदार दांडा, म्हणजे स्विंग आर्म, आणि त्याला जोडलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर हे त्या मॉडेलचे वैशिष्ट्य होते. भारत सरकारने लष्करासाठी या गाडीची मोठी मागणी नोंदवल्यानंतर १९५५ साली मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एनफिल्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे कारखाना उभा राहिला. आधी इंग्लंडहून आलेल्या सुट्या भागांची येथे फक्त जोडणी होत असे, परंतु १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ सर्व भाग येथेच बनू लागले. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, इंग्लंडमधले उरलेसुरले उत्पादन १९७० साली थांबले, आणि मद्रासची बुलेट मात्र १९५०च्या दशकातील आराखड्यावर पुढेही बनत राहिली. परिणामी १९६५ची बुलेट आणि १९८५ची बुलेट शेजारी उभ्या केल्या, तर सामान्य माणसाला त्यांत रंगाखेरीज फारसा फरक दिसत नाही.

तरीही डोळ्यांनी पाहून काही गोष्टी निश्चित सांगता येतात. हेडलाइट, स्पीडोमीटर आणि अँमीटर एकाच धातूच्या कवचात बसवून त्याच्या दोन बाजूंना छोटे पायलट दिवे देण्याची रचना, जिला कंपनीने कॅस्केट असे नाव दिले, १९५४च्या हंगामापासून आली. त्यामुळे सुटा हेडलाइट असलेली रस्त्यावरची मूळ स्थितीतील बुलेट त्याआधीची इंग्लिश गाडी असण्याचा संभव वाढतो, परंतु कॅस्केट आहे एवढ्यावरून पुढच्या पन्नास वर्षांतले कोणतेही वर्ष ठरत नाही. इंजिन अधिक बोलके असते. जुन्या बुलेटचा सिलिंडर ओतीव लोखंडाचा असून गिअरबॉक्स स्वतंत्र असतो आणि तो इंजिनाच्या मागे बोल्टांनी जोडलेला असतो. गिअर चार असतात, गिअरचा पाय उजवीकडे आणि ब्रेकचा डावीकडे असतो, आणि कोणत्याही वरच्या गिअरमधून थेट न्यूट्रलमध्ये आणणारी एक छोटी जादा कळ गिअरबॉक्सवर असते. ऑस्ट्रियातील ग्रात्स येथील एव्हीएल या संस्थेच्या साहाय्याने विकसित केलेले अ‍ॅल्युमिनियम सिलिंडरचे इंजिन विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी आले, त्यानंतर पाच गिअर आणि डावीकडचा गिअर आला, आणि २००८नंतर टप्प्याटप्प्याने इंजिन व गिअरबॉक्स एकाच कवचात असलेले युनिट कन्स्ट्रक्शन इंजिन सर्वत्र बसू लागले. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला सांधा दिसतो की नाही, एवढे पाहूनही गाडीचा कालखंड आकुंचित होतो.

यानंतरची पायरी मोजमापाची. इंजिनाची क्षमता, म्हणजे पिस्टन खालून वर जाताना जेवढी जागा व्यापतो तिचे घनफळ, सिलिंडरचा आतला व्यास आणि पिस्टनच्या हालचालीची लांबी यांवरून निघते. पहिल्याला बोअर आणि दुसऱ्याला स्ट्रोक म्हणतात. बुलेट ३५०चा बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर असल्याने क्षमता ३४६ सीसी येते, तर बुलेट ५००चा स्ट्रोक तोच ठेवून बोअर ८४ मिलिमीटर केल्याने ती ४९९ सीसी होते. मात्र झिजलेला सिलिंडर आतून घासून मोठा करण्याची, म्हणजे रिबोअर करण्याची, रीत गॅरेजमध्ये सर्रास असल्याने जुन्या इंजिनाचे माप कारखान्याच्या मापाशी तंतोतंत जुळेलच असे नाही. इंचाच्या वीस सहस्रांशांनी मोठा, म्हणजेच वीसचा, पिस्टन बसवलेल्या बुलेटचा बोअर सुमारे ७०.५ मिलिमीटर भरतो आणि क्षमता ३५१ सीसीच्या घरात जाते. असे माप पाहून ते वेगळे मॉडेल समजणे चुकीचे ठरते.

सर्वांत भक्कम पुरावा क्रमांकांचा. जुन्या बुलेटमध्ये चॅसिस क्रमांक चौकटीच्या पुढच्या बाजूला, हँडलचा दांडा ज्या जाड नळीतून जातो तिच्यावर, आणि इंजिन क्रमांक सिलिंडरच्या पायथ्याशी क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या ओतीव कवचावर, ठोकलेला असतो. आजच्या वाहनांवर १७ चिन्हांचा आंतरराष्ट्रीय पद्धतीचा क्रमांक असतो आणि त्यात १ व ० या अंकांशी गल्लत होऊ नये म्हणून आय, ओ आणि क्यू ही रोमन अक्षरे टाळलेली असतात. जुन्या काळी मात्र प्रत्येक कारखान्याची क्रमांक देण्याची रीत निराळी होती. क्रमांक वाचण्याआधी त्यावरचा रंग घासून न काढता पातळ द्रावकाने उतरवणे इष्ट असते, कारण घासण्याने अंकांच्या कडा बोथट होतात. नंतर त्यावर कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवली की अंक कागदावर उमटतात; आरटीओ आणि विमा कंपन्या याच ठशाला चॅसिस प्रिंट म्हणतात. या ठशात अंकांची उंची, खोली आणि ओळ स्पष्ट दिसते, आणि एखादा अंक शेजारच्या अंकांहून खोल, तिरका किंवा वेगळ्या वळणाचा असेल, अथवा त्याखालचा पृष्ठभाग कानशीने सपाट केलेला वाटत असेल, तर क्रमांकाशी छेडछाड झाल्याचा संशय घ्यावा लागतो.

क्रमांकांतून किती माहिती मिळू शकते हे इंग्लंडमधील मेरिडन येथे बनणाऱ्या ट्रायम्फ गाड्यांवरून कळते. १९६९च्या हंगामापासून ट्रायम्फने क्रमांकाच्या आधी दोन अक्षरे ठोकण्यास सुरुवात केली. त्यांतले पहिले महिना आणि दुसरे हंगाम सांगते. उदाहरणार्थ, एन डी या अक्षरांतील एन म्हणजे ऑक्टोबर आणि डी म्हणजे १९७०चा हंगाम. पण नवा हंगाम आदल्या वर्षीच्या ऑगस्टपासून मोजला जात असल्याने ही गाडी प्रत्यक्षात ऑक्टोबर १९६९मध्ये तयार झालेली असते. त्यासोबत टी १२० असे ठोकलेले असेल तर ती ६५० सीसी गटातील बोनव्हिल असते. ट्रायम्फमध्ये चॅसिस आणि इंजिन यांचे क्रमांक एकच असत, म्हणून ते जुळले नाहीत तर इंजिन बदलल्याचे उघड होते. याउलट बीएसएच्या जुन्या गाड्यांचे दोन्ही क्रमांक कारखान्यातूनच वेगळे येत, त्यामुळे तेथे न जुळणे हा दोष नसतो. इंग्लंडमधील अनेक बंद पडलेल्या कारखान्यांच्या पाठवणी-वह्या १९४६ साली स्थापन झालेल्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबसारख्या संस्थांनी जतन केल्या आहेत आणि त्यांत विशिष्ट क्रमांकाची गाडी कोणत्या दिवशी कोणत्या विक्रेत्याकडे रवाना झाली हे सापडू शकते.

टाकीवरचे नाव किती फसवे असू शकते हे जावा आणि येझदी यांच्या उदाहरणातून दिसते. मुंबईत जावा गाड्यांची आयात करणाऱ्या इराणी कुटुंबाने म्हैसूरमध्ये आयडियल जावा ही कंपनी उभारली आणि १९६०च्या दशकाच्या आरंभी तेथे चेकोस्लोव्हाकियाच्या आराखड्यावरून २५० सीसीची दोन-स्ट्रोक मोटरसायकल बनू लागली. १९७०च्या दशकात त्याच कारखान्याच्या गाड्यांवर येझदी हे नाव आले, परंतु एका सिलिंडरला दोन सायलेन्सर आणि गिअर व किक या दोहोंसाठी एकच कळ ही मूळ रचना कायम राहिली. म्हणून येझदीची टाकी चढवलेली जावा आणि जावाची टाकी चढवलेली येझदी या दोन्ही बाजारात सापडतात. एस्कॉर्ट्सने १९८३पासून बनवलेल्या राजदूत ३५०मध्ये तर नावही तेच राहिले आणि प्रकार मात्र दोन झाले. आधीचा हाय टॉर्क सुमारे ३०.५ अश्वशक्तीचा आणि नंतरचा लो टॉर्क सुमारे २७ अश्वशक्तीचा होता. त्यांचा भेद मुख्यतः सायलेन्सरमध्ये आणि सिलिंडरच्या आतील वायुमार्गांत असल्याने बाहेरून पाहून दिलेला निर्वाळा पुरेसा ठरत नाही. राजदूत ३५० ज्या गाडीवर आधारलेली होती त्या जपानी आरडी ३५०च्या पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता आणि भारतीय गाडीला ड्रम ब्रेक होता हे खरे, पण डिस्क ब्रेक पुढे कोणीही बसवू शकतो.

कागदपत्रे ही वेगळ्या प्रकारची साक्ष आहे. आरसी बुकात उत्पादनाचे वर्ष, नोंदणीची तारीख, चॅसिस आणि इंजिन क्रमांक यांच्या नोंदी स्वतंत्र असतात आणि त्यांची सरमिसळ करू नये. लष्कराने वापरून लिलावात काढलेली गाडी नागरी आरटीओत कित्येक वर्षांनी नोंदली जाते, त्यामुळे पाटीवरचा क्रमांक तिच्या वयाहून तरुण असतो. महाराष्ट्रात एमएच १२ सारखी राज्य-जिल्हा क्रमांकांची पद्धत १९८९मध्ये आली, त्यामुळे तीन अक्षरांची जुनी पाटी मूळची असेल तर नोंदणी त्यापूर्वीची आहे एवढे तरी निश्चित होते.

ही तपासणी केवळ हौसेपुरती उरलेली नाही. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले, ज्यांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चॅसिस किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने व्हीए या अक्षरांच्या स्वतंत्र मालिकेत नोंदवता येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे आहे. गाडीचे वय आणि मूळपण या दोन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागत असल्याने अंदाजाने सांगितलेले वर्ष येथे चालत नाही. खरेदी-विक्रीतही हाच प्रश्न येतो, कारण मूळ इंजिनाची गाडी आणि इंजिन बदललेली गाडी यांच्या किमतींत मोठे अंतर असते. सर्व साक्षी जुळल्या तर मॉडेल एका नावाने सांगता येते. त्या जुळल्या नाहीत तर चॅसिस अमुक वर्षाचे, इंजिन तमुक काळातले आणि टाकी नंतर बसवलेली, असे भागवार वर्णन लिहून ठेवणे हेच अचूक उत्तर असते, आणि सुटे भाग मागवणाऱ्याला, पुढच्या मालकाला आणि आरटीओला तेच उपयोगी पडते.