बिघडलेले जाते

तारापूरजवळच्या घिवली गावात मासेमारी हा जुना व्यवसाय. सूर्य समुद्रात बुडाला, की तेथील किनाऱ्यावरचा उजेड हळूहळू ओसरू लागतो. तरीही नांगरलेली होडी, वाळत घातलेले जाळे आणि घराकडची वाट डोळ्यांना बराच वेळ दिसत राहते. ही किमया डोळ्यातील दृष्टिपटलाची होय. त्यातील पेशींना प्रकाश टिपण्यासाठी एक द्रव्य लागते व ते ‘अ’ जीवनसत्त्वापासून तयार होते. आहारात हे जीवनसत्त्व कमी पडले, की रातांधळेपणा येतो. पालेभाज्या, पिकलेली पपई, दूध, अंडी आणि वेळीच औषध मिळाले, तर तो बहुधा बराही होतो.

परंतु काही बालकांच्या आहारात कसलीही उणीव नसते, आणि तरीही त्यांना जन्मापासून अतिशय अंधुक दिसते. वय वाढते तसतशी उरलेली दृष्टीही मावळत जाते. आईवडिलांची दृष्टी निर्दोष असते. मात्र दोघांकडूनही एकेक सदोष जनुक मुलाकडे आलेले असते. त्यामुळे जीवनसत्त्व डोळ्यापर्यंत पोहोचते, पण उपयोगी रूपात बदलत नाही. घरात धान्य भरपूर, पण जातेच बिघडलेले, अशी ही अवस्था!

अमेरिकेतील डॉक्टर जीन बेनेट यांनी हे जाते दुरुस्त करण्याचा ध्यास घेतला. १९८५ च्या सुमारास त्या हार्वर्ड येथे वैद्यकशास्त्र शिकत होत्या. त्यांचे सहाध्यायी व पुढे पती झालेले अल्बर्ट मॅग्वायर यांनी त्यांना विचारले, “चांगले जनुक डोळ्यात पोहोचवून अंधत्व दूर करता येईल काय?” बेनेट यांनी होकार दिला. त्या काळी असे रोग आणणारी जनुकेही नीटशी ओळखली गेली नव्हती. होकार धाडसाचाच म्हणावयाचा.

पुढे पेनसिल्व्हानिया विद्यापीठात दोघांनी काम आरंभिले. निरुपद्रवी विषाणूत चांगले जनुक भरावयाचे आणि बारीक सुईने तो द्रव दृष्टिपटलाखाली सोडावयाचा, ही त्यांची पद्धती. परंतु १९९९ साली त्याच विद्यापीठात यकृताच्या रोगावरील जनुकोपचाराच्या एका प्रयोगात अठरा वर्षांचा तरुण दगावला. या साऱ्या उपचारांवरचा लोकांचा विश्वास डळमळला.

तरीही काम थांबले नाही. ब्रिआर्ड जातीच्या काही कुत्र्यांत हाच जन्मजात दोष आढळतो. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांच्या सहकार्याने अशा तीन कुत्र्यांवर उपचार झाला; त्यांपैकी एकाचे नाव लान्सलॉट. कुत्र्याला काही सांगता येत नाही, म्हणून त्यांना अंधुक खोलीत वस्तूंमधून चालविण्यात आले. उपचार झालेल्या डोळ्याच्या बाजूच्या वस्तू ती चुकवीत. दुसऱ्या बाजूच्या वस्तूंना मात्र धडकत. हे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. प्रयोगातील दोन कुत्री पुढे बेनेट दांपत्याने आपल्या घरी आणली.

२००७ मध्ये माणसांवर उपचार सुरू झाले. शस्त्रक्रिया मॅग्वायर करीत. मुलांना मंद उजेडात, जमिनीवरील बाणांच्या खुणा पाहत, अडथळे चुकवून चालावयास सांगत. पूर्वी चाचपडणारी मुले ती वाट चालून गेली. काहींनी आयुष्यात प्रथमच आकाशातील तारे पाहिले.

१९ डिसेंबर २०१७ रोजी अमेरिकेने या उपचारास मान्यता दिली. मात्र वंशागत नेत्ररोगांची अडीचशेहून अधिक जनुके ज्ञात आहेत, आणि हा उपचार त्यांपैकी एकाच जनुकाचा आहे. प्रारंभी त्याची किंमत एका डोळ्यास ४,२५,००० डॉलर ठरली. घिवलीच्या मच्छीमाराच्या घराला तर सोडाच, सधन घरालाही ती पेलणारी नव्हे.