बरं वाटतंय म्हणून 'बीपी'ची गोळी सोडू नका!

आपल्याकडे औषधाचा एक साधा हिशेब असतो. डोकं दुखलं, गोळी घेतली, डोकं थांबलं, गोळी बंद. कपाशीवर मावा आला, फवारणी केली, मावा गेला, पंप धुऊन ठेवला. हा हिशेब डोकेदुखीला चालतो, माव्याला चालतो. पण हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या गोळीला चालत नाही. त्यातही 'बीटा ब्लॉकर' म्हणून ज्या गोळ्या आहेत, त्यांना तर अजिबात चालत नाही. त्या मनाने सुरू करायच्या नाहीत आणि मनाने बंद तर मुळीच करायच्या नाहीत. आजचा हा लेख एवढीच गोष्ट नीट उलगडून सांगण्यासाठी आहे.

ही गोळी ओळखायची कशी?

घरातली औषधांची पिशवी काढा. पाकिटावर कंपनीने दिलेले नाव असते, ते बाजूला ठेवा आणि औषधाचे मूळ नाव वाचा. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल, कार्व्हेडिलॉल, नेबिव्होलॉल अशी ही नावे आहेत. शेवट 'लॉल' असा असेल तर गोळी बहुधा या घराण्यातली समजा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून किंवा आशाताईंकडून वाचून घ्या.

नाव वाचण्याचा आणखी एक फायदा आहे. सरकारी दवाखान्यातून मिळालेली गोळी पांढरी, शहरातल्या डॉक्टरांनी दिलेली गुलाबी. म्हणून अनेक जण दोन्ही खातात. आत औषध एकच असते! मग डोस दुप्पट होतो, नाडी मंदावते आणि माणूस भोवळ येऊन पडतो. रंग बघू नका, मूळ नाव बघा.

गोळी करते काय?

बैल अंगावर धावून आला की छाती धडधडते. त्या वेळी अंगात अ‍ॅड्रेनालिन नावाचे रसायन सुटलेले असते. ते हृदयावरच्या ठरावीक जागांवर जाऊन बसते आणि हृदयाला म्हणते, 'पळ!' या जागांना 'बीटा' म्हणतात. गोळी त्या जागा अडवून धरते. त्यामुळे ठोके कमी होतात, ठोक्याचा जोर कमी होतो, रक्तदाब उतरतो आणि हृदयाला लागणारा प्राणवायूही कमी पुरतो.

ही कल्पना स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक या शास्त्रज्ञाची. विहिरीला पाणी कमी असेल तर मोठा पंप बसवून काय उपयोग? त्यापेक्षा पिकाची गरज कमी करा. ब्लॅक यांनी हृदयाच्या बाबतीत नेमके हेच केले. हृदयाची रक्तवाहिनी अरुंद झाली असेल तर रक्त वाढवण्याच्या मागे न लागता हृदयाची गरजच कमी करायची. त्यातून १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल आले आणि १९८८ मध्ये ब्लॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आज या गोळ्या हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना, चालताना छातीत दुखणाऱ्यांना, ठोके अनियमित पडणाऱ्यांना आणि हृदय अशक्त झालेल्यांना दिल्या जातात. नुसता रक्तदाब असेल तर सरकारी केंद्रात साधारणपणे अ‍ॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन यांच्यापासून सुरुवात होते. म्हणजे 'बीपीची गोळी' ही एकच नसते. शेजारच्या तात्यांना जी लागू पडली ती तुम्हालाही चालेल, असे समजू नका.

एकदम बंद केली तर?

गोळीने जागा अडवल्या की शरीरही गप्प बसत नाही. काही आठवड्यांत ते नव्या जागा तयार करते. गोळी चालू आहे तोवर सगळे ठीक. पण एक दिवस ती एकदम बंद केली, तर जुन्या आणि नव्या अशा सगळ्या जागा एकाच वेळी मोकळ्या होतात. तुंबलेल्या बंधाऱ्याचे सगळे दरवाजे एकदम काढल्यासारखे होते. नाडी धावते, रक्तदाब उसळतो, छातीत दुखते. ज्याच्या हृदयाच्या वाहिन्या आधीच अरुंद आहेत, त्याला झटकाही येऊ शकतो. हा धोका पहिल्या काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत जास्त असतो.

आता सांगा, आपल्याकडे गोळी कधी सुटते? पेरणीच्या धांदलीत दवाखान्यात जायला वेळ नसतो तेव्हा. दवाखान्यात साठा संपलेला असतो आणि हातात पैसा नसतो तेव्हा. लग्नाला, वारीला निघताना पिशवी घरी राहते तेव्हा. एकादशीला 'उपास आहे, गोळी नको' म्हणून. आणि सगळ्यात जास्त वेळा, 'आता बरं वाटतंय' म्हणून! बाबांनो, बरं वाटतंय ते गोळी चालू आहे म्हणून.

गोळी कमी करायची वेळ येतेही. झटक्यानंतर हृदयाची ताकद चांगली टिकून असलेल्या सुमारे ५,००० रुग्णांवर स्वीडन आणि आणखी दोन देशांत अभ्यास झाला. तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. अशा रुग्णांना या गोळीचा फारसा फायदा दिसला नाही. त्यामुळे 'मला ही जन्मभर लागेल का?' असे डॉक्टरांना जरूर विचारा. उलट, ज्यांचे हृदय अशक्त आहे त्यांचा या गोळीने जीव वाचतो, हे १९९९ च्या मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालेले आहे. आपण कोणत्या गटात, हे तपासणीवरून डॉक्टर ठरवतील. बंद करायची झाली तरी ती टप्प्याटप्प्याने, डोस उतरवत बंद करतात.

एखादी गोळी चुकली तर घाबरू नका. आठवली की घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन गोळ्या एकदम घेऊ नका. मेटोप्रोलॉलच्या काही गोळ्या हळूहळू विरघळणाऱ्या असतात, पाकिटावर 'ईआर' किंवा 'एक्सएल' लिहिलेले असते. त्या चावू किंवा कुटू नका.

दमा आणि साखर असणाऱ्यांनी

दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. या घराण्यातल्या काही गोळ्या, विशेषतः प्रोप्रॅनोलॉल, श्वासनलिका आवळतात आणि दम्याचा पंपही मग नीट लागू पडत नाही. गोळी सुरू झाल्यावर मळणीच्या धुळीत छाती जास्त घरघरू लागली तर लगेच दाखवा.

मधुमेह्यांनी तर फार सावध राहावे. साखर उतरली की छाती धडधडते, हात थरथरतात आणि माणूस सावध होतो. ही गोळी त्या खुणा झाकून टाकते. घाम मात्र सुटतो. पण रानात उन्हात काम करणाऱ्याला घाम येतच असतो, मग तो उन्हाचा की साखरेचा हे कळायचे कसे? म्हणून इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेऊन उपाशीपोटी रानात जाऊ नका. अचानक गळून गेल्यासारखे वाटले, डोके चालेना, तर सावलीला बसून तीन चमचे साखर पाण्यातून घ्या. सोबत साखरेची पुडी ठेवाच. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

रानात काम करताना

गोळी नवी सुरू झाली किंवा डोस वाढला, की पहिले काही दिवस चक्कर येऊ शकते. तेवढे दिवस ट्रॅक्टर, मळणीयंत्र, विहिरीची शिडी आणि नारळ-आंब्याचे झाड यांपासून लांब राहा. बाजेवरून उठताना आधी बसा, मग उभे राहा. मे महिन्याच्या उन्हात काम सकाळी उरकून घ्या, कारण उन्हाचा ताण सोसायला हृदयाला वेग वाढवावा लागतो आणि ही गोळी तो वाढू देत नाही.

नाडी मोजायला शिका. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवा, अर्धा मिनिट ठोके मोजा आणि दुप्पट करा. ५० च्या खाली येत असतील, किंवा चक्कर, अंधारी, दम लागणे, पायावर सूज असे काही असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा.

फवारणीचे विष अंगात गेले तरी नाडी मंदावू शकते. फवारताना गरगरले तर 'गोळीमुळे असेल' म्हणून घरी पडून राहू नका. आग्या मोहोळाच्या माश्या चावल्या आणि अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, तर दवाखान्यात गेल्या गेल्या सांगा की मी 'लॉल'ची गोळी खातो. अशा वेळी जीव वाचवणारे अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन या लोकांत कमी लागू पडू शकते, ते डॉक्टरांना आधी कळलेले बरे.

कंबर दुखली की दुकानातून आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक घेण्याची आपली सवय मोडा. या गोळ्यांनी रक्तदाब वाढतो. व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम आधीपासून चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा, कारण जोडीने ती नाडी फार मंद करू शकतात. दात काढायचा असो वा ऑपरेशन, गोळीचे नाव सांगा. गरोदर राहिलेल्या किंवा राहू इच्छिणाऱ्या भगिनींनी गोळी बदलायची का, ते लवकर विचारावे.

गावकारभाऱ्यांसाठी चार शब्द

सरपंच, पोलीस पाटील, ग्रामपंचायतीचे भाऊसाहेब, हे सगळे 'आरोग्य खात्याचं काम' म्हणून सोडू नका. गोळी सुटण्याची निम्मी कारणे गावातच मिटू शकतात.

पहिले, प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीच्या गोळ्यांचा साठा किती आहे, हे ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीत दर महिन्याला विचारा. साठा संपल्यावर नव्हे, संपायच्या आधी पाठपुरावा करा.

दुसरे, दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची यादी आशाताईंना द्या. निघण्यापूर्वी त्यांना जास्त दिवसांच्या गोळ्या आणि औषधाची चिठ्ठी मिळाली पाहिजे. फडावर गेल्यावर नवा डॉक्टर त्या चिठ्ठीवरून औषध पुढे चालू ठेवू शकतो.

तिसरे, शिबिरात नुसता रक्तदाब मोजून फोटो काढू नका. ज्याचा वाढलेला निघाला तो महिन्याने पुन्हा आला का, याची नोंद ठेवा.

आणि शेवटी तुम्हाला, ज्यांच्या खिशात ही गोळी आहे त्यांना. पाकिटात पाच गोळ्या उरल्या की नवे आणा, शेवटची संपायची वाट बघू नका. औषधांची नावे लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवा. छातीत कळ आली, घाम फुटला, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखू लागले तर मोटारसायकलवर बसून स्वतः जाऊ नका, १०८ ला फोन करा. बियाण्याची पिशवी संपण्याआधी तुम्ही दुसरी आणून ठेवताच की नाही? तसंच हेही.