मांजराची माती

चंडीगढच्या सदनिकेतील मांजराला उकरावयास अंगण नसते. म्हणून पसरट पेटीत माती ठेवावी लागते. 1947 साली अमेरिकेत एडवर्ड लो यांनी राखेऐवजी शोषक माती सुचविली; पुढे गोळा होणारे बेंटोनाइट आले. सोय झाली खरी, परंतु ते कुजत नाही. आणि डड्डूमाजऱ्याचे जुने ढीग उपसण्यात या शहराची वर्षे गेली आहेत. लाकडाचा भुसा किंवा सोयाबीनचा चोथा कुजतो. मात्र मांजर पडले जुन्या वळणाचे! त्याच्या पंजाला ओळखीचा स्पर्श हवा. म्हणून जुन्या मातीत नवा भुसा थोडाथोडा मिसळीत आठ-दहा दिवसांत पालट करावा. ते रुसलेच, तर माघार घ्यावी. पेटीत वारंवार बसूनही बोक्याला लघवी होत नसेल, तर मात्र भुशाला दोष न देता त्याला तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे. मूत्रमार्ग तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावू शकतो.