टाकीत उतरण्याआधी

सोसायटीच्या सेप्टिक टाकीत कामगार कोसळतो, त्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही परत येत नाही. याला बहुधा हायड्रोजन सल्फाइड कारणीभूत असतो. मैला कुजताना निघणारा हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी साचतो. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. दहा लाखांत 100 भागांच्या आसपास गेला की नाकच बधिर होतं. म्हणून ‘वास नाही, उतर’ हे सांगणं जीवघेणं आहे. बंद पडलेली लोखंडी पाण्याची टाकीही निर्धोक नसते, कारण गंज आतला ऑक्सिजन शोषतो. तो 19.5 टक्क्यांखाली गेला की धोका, आणि ते फक्त गॅस मीटर सांगतो. संरक्षक साधनांशिवाय सेप्टिक टाकीत माणूस उतरवायला 2013च्या कायद्याने बंदी आहे. उपसणारी गाडी मागवा. कुणी आत पडलाच, तर मागोमाग उतरू नका; अग्निशमन दलाला बोलवा.